चौथी खाट

“जागा नाही,” गोदावरीबाई म्हणाल्या. बसा म्हणायच्याही आधी म्हणाल्या.

भंडाऱ्यातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर. नाही म्हणायची त्यांना इतकी सवय झाली होती की समोरचा तोंड उघडायच्या आत त्यांचं उत्तर तयार असायचं.

“कॉलेज सुरू होऊन किती दिवस झाले! इतके दिवस काय करत होता?”

“रोवणी होती जी,” सेवकराम म्हणाला.

हे खरंच होतं. धानाची रोवणी सुरू झाली की दिघोरीत भांडणंसुद्धा पुढं ढकलतात, तिथं पोरीच्या कॉलेजचं काय घेऊन बसलात! त्याची पोरगी पंचफुला मॅट्रिक पास झाल्यावरही दोन आठवडे चिखलात वाकून रोपं लावत होती. तिच्या नखांतला चिखल अजून गेला नव्हता.

पण जागा नाही म्हणजे काय, ते पंचफुलाला चांगलं ठाऊक होतं. सेवकरामचे दोन्ही भाऊ पोरीला शहरात ठेवायच्या विरुद्ध होते. रोज रोज भांडून शेवटी एवढंच ठरलं होतं, की वसतिगृहात जागा मिळाली तर पोरगी शिकेल, नाहीतर संध्याकाळच्या लाखांदूर एसटीने बापाबरोबर परत येईल आणि दिवाळीनंतर पाहुणे बघायला येतील. कोण पाहुणे, तेही काकांनी शोधून ठेवलं होतं. काका लोक असल्या कामात फार चपळ.

“बाई, खाट तरी आहे का?” पंचफुलाने विचारलं.

“खाट आहे. व्हरांड्यात पडून गंजते आहे. ठेवू कुठं, माझ्या डोक्यावर?”

“मी जागा काढली तर?”

गोदावरीबाईंनी चष्मा खाली ओढून तिच्याकडे बघितलं. हसावं की रागवावं ते त्यांना ठरवता येईना. “वरची कोपऱ्यातली खोली त्यातल्या त्यात मोठी आहे. दार उघडलं पाहिजे, खिडकी उघडली पाहिजे, आणि कोणाची खाट कमी करायची नाही. चौथी बसली तर तुझी.”

सेवकराम फाटकाजवळच्या निंबाखाली जाऊन बसला. पुरुषाला आत मज्जाव होता. पंचफुला जिना चढली.

खोलीत पूर्वेला खिडकी होती आणि तिच्याकडे उशा करून तीन लोखंडी खाटा ओळीने लावलेल्या होत्या. दोन खाटा पवनीच्या दोघी बहिणींच्या. त्या स्वभावाने गरीब होत्या. खिडकीखालची मधली खाट तुमसरच्या व्यापाऱ्याच्या चंद्रकलाची होती आणि ती स्वभावाने अजिबात गरीब नव्हती. तिच्या उशाशी खिडकीला लागून देवीची तसबीर होती आणि तिच्यावर रोज ताजं फूल. समोरच्या पश्चिमेच्या भिंतीला ट्रंका, बादल्या, तांदळाच्या पिशव्या यांचा असा ढीग होता की खाली फरशी आहे की नाही याचीच शंका यावी.

“तिघींच्या खोलीत चौथी?” चंद्रकलाने नाक मुरडलं. “श्वास तरी घ्यायले भेटन का आमाले?”

 पंचफुला ढिगाकडे बघत होती. मग खाली वाकून तिने खाटेखाली हात घातला. हात गेला. ट्रंक जाण्याइतकी उंची मात्र नव्हती. वितभर कमी पडत होती.

वितभर! घरी धान साठवायची ढोली कधी जमिनीवर टेकवलेली तिने पाहिली नव्हती. ओल लागू नये, वाळवी चढू नये म्हणून तिच्याखाली नेहमी विटा. असली साधी गोष्ट इथं आजवर कोणाला सुचली नव्हती. शिकल्यासवरल्या मुली, पण धान्य त्या पिशवीतच बघत आलेल्या.

“बाई,” ती जिन्यावरूनच ओरडली, “आवारातल्या विटा घेऊ का जी?”

“न्हाणीघराच्या आहेत, बांधकाम बंदच आहे. घे. पण फोडू नको.”

पहिल्या खेपेला ती एकटीच विटा घेऊन आली. दुसऱ्या खेपेला पवनीची धाकटी बहीण हसत हसत खाली उतरली. तिसऱ्या खेपेपर्यंत सगळ्या वसतिगृहाला कळलं होतं की नवीन आलेली दिघोरीची पोरगी खाटा उचलते आहे. रविवार होता आणि मुलींना दुसरं काही काम नव्हतं. आवारापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून खोलीपर्यंत रांग लागली आणि विटा हातोहात वर जाऊ लागल्या. कोणीतरी रोवणीचं गाणं सुरू केलं. ते पंचफुलाने सुरू केलं नव्हतं, पण दुसऱ्या कडव्याला तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

दोन खाटा विटांवर चढल्या. मधल्या खाटेवर चंद्रकला मांडी घालून बसली होती.

“उतर,” पंचफुला म्हणाली.

“नाई उतरत. माझी खाट आहे.”

“मग बस.”

पंचफुलाने चार दणकट पोरींना चार कोपऱ्यांवर उभं केलं. “उचला!” म्हणाली आणि खाट चंद्रकलासकट वर गेली. चंद्रकलाने दोन्ही बाजूंच्या पट्ट्या गच्च धरल्या आणि “मायवं!” म्हणून अशी किंकाळी फोडली की खाली निंबाखाली सेवकराम उठून उभा राहिला. एकेका पायाखाली तीन-तीन विटा सरकल्या, खाट खाली टेकली आणि सगळी खोली खिदळायला लागली. चंद्रकला शिव्या द्यायला तोंड उघडून बसली होती, पण तेवढ्यात खिडकीतून आलेली वाऱ्याची झुळूक थेट तिच्या मानेवर लागली. आजवर खिडकी तिच्या डोक्याच्या वर राहायची आणि वारा वरच्या वर निघून जायचा. तिने तोंड मिटलं आणि मान खिडकीकडे कलती केली.

ट्रंका खाटांखाली गेल्या. फरशी दिसली. गंजलेली चौथी खाट व्हरांड्यातून आत आली आणि पश्चिमेच्या भिंतीला नेमकी बसली. गोदावरीबाईंनी दार उघडून बघितलं, लावून बघितलं, खिडकी उघडून बघितली. सगळं उघडत होतं. नाही म्हणायला काही जागाच उरली नाही, तेव्हा त्यांना हो म्हणावं लागलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.  पंचफुला आनंदाने आपल्या खाटेवर मटकन बसली.

“तुझ्या बापाला वर बोलव,” बाई म्हणाल्या. “डोळ्यांनी बघून जाऊ दे.”

सेवकराम ट्रंक खांद्यावर घेऊन, चपला जिन्याखाली काढून वर आला. दारात उभं राहून त्याने खोली बघितली. आधी हसला. मग त्याचं हसू हळूहळू गेलं.

“यांच्या उशा कोणीकडं?” त्याने विचारलं.

“खिडकीकडं,” पवनीची थोरली म्हणाली.

“अन् पाय?”

 तिघींचे पाय पंचफुलाच्या खाटेकडे होते, हे सगळ्यांना एकदमच दिसलं.

सेवकरामच्या घरी पायथ्याशी निजतो तो गडी. पाहुण्याला तिथं कोणी निजवत नाही आणि लेकीला तर नाहीच. “बाई, तुमचे उपकार आहेत जी,” तो हात जोडून म्हणाला, “पण माझी पोरगी कोणाच्या पायथ्याशी नाई झोपत.”

“बाबूजी, मी झोपन ना! मले काई नाई वाटत.”

“तुले नाई वाटत. मले वाटते.” त्याने ट्रंक पुन्हा उचलली.  ज्या माणसाने हिच्यासाठी सख्ख्या भावांशी वैर घेतलं होतं तोच आता तिला परत न्यायला निघाला होता आणि त्यातही प्रेमच होतं, म्हणून पंचफुलाला जास्त रडू आलं.

पण ती रडली नाही. ती पवनीच्या बहिणींकडे वळली. “उशा इकडं करता का वं? डोस्की माझ्याकडं, पाय खिडकीकडं?”

दोघींनी उशा लगेच फिरवल्या. राहिली मधली खाट. तिथं पाय खिडकीकडे केले तर ते सरळ देवीच्या तसबिरीवर जात होते. चंद्रकलाला हे सांगायची कोणाची छाती होती! पवनीच्या बहिणी जमिनीकडे बघायला लागल्या. गोदावरीबाईसुद्धा चष्मा पुसायला लागल्या.

पंचफुला तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. “चंद्रकला, तुझ्या देवीले माझ्याकडच्या भिंतीवर आणू का?”

“माझ्या देवीले हात नको लावू,” चंद्रकला म्हणाली.

सेवकराम जिन्याकडे वळला.

“मीच आणतो,” चंद्रकला म्हणाली आणि खाटेवरून खाली उडी मारली. आंघोळ झालेली आहे ना, हे तिने स्वतःशीच आठवून बघितलं, तसबीर पदराने पुसली आणि खोली ओलांडून पंचफुलाच्या खाटेवरच्या भिंतीशी नेली. वीट मारून खिळा ठोकला. फूल नीट लावलं. मग आपली उशी उचलून पायथ्याला टाकली.

“अन् वारा?” पवनीच्या धाकटीने विचारलं.

“वारा पायालेबी लागते,” चंद्रकला फणकाऱ्याने म्हणाली. मग पंचफुलाकडे बघून हसली.

सेवकरामने ट्रंक खाली ठेवली. तरी त्याने उन्हाचा अंदाज घेऊन चारही दिशा तपासल्या आणि पोरीचे पाय दक्षिणेला येत नाहीत याची खात्री करून घेतली. मग स्वतःच्या हाताने ट्रंक चौथ्या खाटेखाली सारली. “अभ्यास करजो,” एवढंच म्हणाला. पंचफुलाने पाया पडल्यावर त्याचा हात तिच्या डोक्यावर बराच वेळ राहिला.

तो जिना उतरताच ती धावत खिडकीशी गेली. खाली फाटकावर वसतिगृहाचा चौकीदार चिंधू बिडी ओढत उभा होता.

“का जी पाटील, एकटेच?” त्याने विचारलं. “जागा नव्हती म्हणत होते ना बाई?”

“नव्हतीच!” सेवकराम बांधावरून हाक मारावी तशा आवाजात म्हणाला. “माझ्या पोरीनं केली!”

वरच्या सगळ्या खिडक्यांतून मुलींनी ते ऐकलं. दिघोरी येईपर्यंत एसटीतल्या यच्चयावत माणसांनीही ऐकलं आणि त्या रात्री दोन्ही काकांना तर ते दोनदा ऐकावं लागलं.