शिंपीणमावशींचा गुडघा आणि मी

मित्रांनो, हातोडी म्हटलं की तुम्हाला खिळा आठवणार. मी खिळे ठोकत नाही, गुडघे ठोकते. मी डॉक्टरीणबाईंची जुनी हातोडी. डोकं रबराचं, दांडा पोलादी, त्याचं टोक निमुळतं. कारखान्यातून चकचकीत आले आणि बाईंच्या कोटाच्या खिशात राहून खरबरीत झाले. पुढे शरीराच्या आतले फोटो काढणारी मोठी यंत्रं आली, नि माझी रवानगी खणात झाली. राग आला. येणारच!

एके सकाळी एक शिंपीणमावशी भिंत धरत आत आल्या. पाय लटपटत होते, बोटांत सुई ठरत नव्हती. साधं काज करता येईना, आणि पोट तर शिवणावरच. कमरेचा फोटो काढून झाला होता, त्यात काही सापडलं नव्हतं. तेवढ्यावरून घरच्यांनी निकाल लावून टाकला.

"आईला कामाचा कंटाळा आलाय," सोबत आलेला मुलगा म्हणाला.

"मग तूच शिव तुझी विजार," मावशी फणकारल्या.

बाईंनी खण उघडला. "पाय सैल सोडा, मावशी."

मी गुडघ्याखाली अलगद टक् केलं. पाय असा उडाला की बाईंचा चष्मा जमिनीवर!

"अगं बाई! मुद्दाम नाही हो मारलं."

"माहीत आहे. तळवा दाखवा."

माझ्या टोकाने बाईंनी टाचेपासून बोटांकडे रेघ ओढली. अंगठा खाली वळायला हवा होता, तो वर गेला. मित्रांनो, नुसत्या पायाच्या नसा बिघडल्या असत्या, तर गुडघा गप्प पडून राहिला असता. तो असा जोरात उडतो, तेव्हा दुखणं वर, मज्जारज्जूत शोधायचं. इथे तर हातही बिघडले होते, आणि हातांच्या नसा मानेतून निघतात.

"कंटाळा नाही रे," बाई मुलाला म्हणाल्या. "मानेत मज्जारज्जू दाबला जातोय असं दिसतंय. तुम्ही कमरेचा फोटो घेऊन बसलात! मानेचा आजच काढा."

मुलाने त्याच दिवशी तो काढून आणला. फोटोत मानेतली सरकलेली चकती दिसली. वेळेत ऑपरेशन झालं.

पुढे एकदा मावशी भिंत न धरता आल्या. माझ्यासाठी कापडी खोळ आणली होती, हाताने केलेल्या काजाची.

"काज जरा तिरकं झालंय," त्या पुटपुटल्या.

"असू दे. बटण लागतंय ना?" बाई हसल्या.

मित्रांनो, फोटो खुशाल काढा. पण कुठला काढायचा, ते आधी माणसाच्या अंगाला हात लावून ठरवा. आणि घरातलं कुणी "हात चालत नाही" म्हणालं, तर आळशी म्हणून मोकळे होऊ नका. मी आता खोळीत झोपते. सकाळी बटण निघतं, मी कामाला लागते. मजेत आहे.