हिरवं झालेलं दूध

आमच्या गाडीला एसी आहे हे ऐकून लोक पोट धरून हसतात. पापण्यांवर बर्फ धरतो अशा मुलखात एसी! पण गाडी जपानमध्ये वापरून जुनी झाल्यावर आमच्या मंगोलियात आलेली, म्हणून एसी तिच्यात होताच. माझा नवरा गानहुयाग त्याच्यावर कायम खार खाऊन असायचा. "फुकटचं ओझं वाहतोय," म्हणायचा.

त्या हिवाळ्यात हीटरचा पाइप चिरला. इंजिनातलं गरम पाणी याच पाइपातून आत येतं, तेव्हाच गाडीत बसवतं. नवा पाइप मिळायचा तो खिंडीपलीकडच्या शहरात, आणि मला नववा महिना लागलेला. गानहुयागने डोकं चालवलं. एसीचा पाइप काढला, त्याची टोकं कापली, हीटरला जोडून क्लिपा आवळल्या. "बघ, आयतोबाला कामाला लावलं!" म्हणाला. गाडी आतून उबदार झाली. मीही कौतुक केलं, खोटं कशाला बोलू?

कौतुक केलं नाही ते सासूबाईंनी. त्यांचं नाव दुल्मा. आमचं दोघींचं तेव्हा फारसं पटत नव्हतं. त्यांचे नियमच फार. चुलीत केर टाकू नकोस, उंबऱ्यावर पाय देऊ नकोस, निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नकोस. आणि कुणीही प्रवासाला निघालं की पळीने दूध शिंपडायचं, आभाळाला आणि गाडीच्या चाकांना. "आई, गाडीला दूध पाजून तिचं पेट्रोल वाचतं का?" असं मी एकदा विचारलं होतं. चार दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

मग एका सकाळी कळा सुरू झाल्या. दवाखानाही खिंडीपलीकडच्या शहरातच. गानहुयागने गाडी सुरू करून गरम होत ठेवली. मी गेरमध्ये, आमच्या गोल तंबूघरात, लोकरीच्या नमद्याचे बूट चढवत बसले होते, वाकता येत नव्हतं. सासूबाईंना धीर कुठला! मी बाहेर येण्याआधीच त्यांनी पुढच्या चाकापाशी दूध शिंपडून टाकलं. ते पडताक्षणी गोठलं.

मी कशीबशी चढून बसले. गाडी हलली. कुंपणापर्यंत गेलो असू, तेवढ्यात मागून ओरडणं ऐकू आलं.

"गानहुयाग! अरे थांब! थांब म्हणते ना!"

आरशात बघितलं तर सासूबाई हातात पळी घेऊन धावत येत होत्या. जन्मभर ज्यांनी निघालेल्याला हाक मारू दिली नाही, त्या!

गानहुयाग चिडून उतरला. "आई, हिला कळा येताहेत आणि तू मागून हाका मारतेस?"

"माझं दूध हिरवं झालंय," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"तुझे शकुन आता पुरे हं!"

"शकुन घाल चुलीत! हिरवं झालंय म्हणते ना, येऊन बघ."

गाडी उभी होती तिथे तो गेला आणि बघतच राहिला. पांढऱ्या दुधावर हिरवे थेंब होते. इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून त्यात जे औषध घालतात, त्याचा तो हिरवा रंग. नुसत्या काळ्या, गोठलेल्या जमिनीवर तो कुणाला दिसला नसता. त्याने बॉनेट उघडलं. एसीचा पाइप थंडीने लाकडासारखा कडक झाला होता, क्लिपेत बसत नव्हता, आणि तिथून पाणी गळत होतं. खिंडीत जाईपर्यंत सगळं गेलं असतं. आधी हीटर थंड, मग इंजिन बंद. वर मी, पोटात मूल, आणि मैलोन् मैल माणूस नाही. गानहुयाग हातमोजे काढून तिथेच उभा राहिला.

सासूबाईंनीच शेजारच्या जाम्यानकाकांना फोन लावला. म्हातारा टेकडीपलीकडून स्वतःच्या गाडीने आला. सगळं ऐकून घेतलं, आणि मागे वळून आपल्याच गाडीचं बॉनेट उघडलं.

"काका, अहो तुमची गाडी!" मी खिडकीतून म्हणाले.

"माझी गाडी कुठे बाळंत होणारे?" ते म्हणाले आणि त्यांनी हीटरचे दोन्ही पाइप उपसून काढले. मग गानहुयागकडे वळले. "लेका, एसीचा पाइप हीटरला? उद्या बैलगाडीला विमानाचे पंख लावशील."

दोघांनी मिळून पाइप बसवले, इंजिनात हिरवं पाणी भरलं. तोवर मी गेरमध्ये सासूबाईंचा हात दाबत पडून होते. त्यांचा हात दुखला असणार, पण त्यांनी सोडवून घेतला नाही. निघताना त्यांनी पुन्हा दूध शिंपडलं. या वेळी मी हसले नाही. खिंडीत वादळ होतं, आणि गाडीत इतकं गरम की मी बंडीची बटणं काढली. जाम्यानकाका त्या दिवशी बर्फातून पायी घरी गेले.

शहरात आम्हाला मुलगी झाली. परतताना गानहुयागने काकांसाठी नवे पाइप घेतले आणि एसीसाठीही खरा पाइप घेतला. "जुलैत आईला थंड हवेत बसवून फिरवणार," म्हणाला.

घरी पोचलो तर सासूबाई दारात. मी नात पुढे केली. त्यांनी आधी गुडघे टेकले, गाडीखाली वाकून नीट बघितलं, आणि मगच हात पुढे केले.

आमच्यात घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, परक्यासारखं वाटतं. मला मात्र राहवेना. म्हणाले, "आई, तुम्ही मागून हाक मारलीत म्हणून आम्ही दोघी आहोत. हिला नावाने पहिली हाकही तुम्हीच मारा."

आमच्याकडे बाळाच्या कानात नाव तीनदा सांगतात, आणि तो मान सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा होता. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "नोगोनदारी. नोगोनदारी. नोगोनदारी."

ते हिरव्या तारादेवीचं नाव आहे.