खडूची खूण

ब्रिटाच्या निळ्या कॉफीच्या डब्यात सातशे डॉलर होते. तिच्या लेखी ते डॉलर नव्हतेच, दोन आठवडे होते. लूमीला जवळ घेऊन घरी बसायचे, बिनपगारी, पण स्वतःचे. ती नोकरी करायची त्या लायब्ररीतून सांगणं आलं होतं: सोमवारी ये, फार तर रजा दोन आठवडे वाढव, मात्र शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव.

आज शुक्रवार होता. लूमी चार महिन्यांची. नवरा एमेट खनिज वाहणाऱ्या बोटीवर. सरोवर गोठून बोटी थांबल्या की जानेवारीत तो घरी येणार. तोवर घरात या दोघीच, आणि गल्लीत दोन घरं वरच्या अंगाला राहणारा सासरा, आर्वो.

आणि आजच बर्फाचे टायर चढवायचे होते. ते आणखी एक हिवाळा निघाले तर डबा तिचा. नाही निघाले तर डबा टायरवाल्याचा, आणि सोमवारी कामावर हजर. त्यांची गल्ली थेट सरोवराच्या दिशेने उतरत होती. तिथे गोटा झालेल्या टायरवर चार महिन्यांचं पोर घेऊन कोण उतरणार?

आर्वो गॅरेजमध्ये उपड्या बादलीवर बसला होता. दोन वर्षांपूर्वी खुबा बदलल्यापासून तो पान्याला हात लावत नसे, नुसते हुकूम सोडत असे. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात वेलदोड्याचा पाव. लूमी शेजारी टोपलीत, टोपीतून नुसतं नाक दिसत होतं.

"आधी नाणं," तो म्हणाला.

ब्रिटाने पाव डॉलरचं नाणं काढलं. नाण्यावरच्या माणसाचं डोकं खाली करून ते टायरच्या खाचेत खोवायचं. टाळू झाकली गेली तर बर्फात चालेल. टाळू उघडी पडली तर टायर संपला.

चारही टायर भिंतीशी रचलेले होते. दोनांवर खडूने इंग्रजी ई लिहिलेलं, दोनांवर टी. ई म्हणजे एतू, पुढचं. टी म्हणजे ताका, मागचं. ब्रिटाला फिनिश एवढंच यायचं, हे दोन शब्द आणि सासऱ्याच्या दोन शिव्या.

तिने टीपासून सुरुवात केली. नाणं पार कपाळापर्यंत आत गेलं. दुसऱ्यातही तसंच.

"पापा, बघा बघा! नव्यासारखे आहेत!" मनातल्या मनात तिने दोन आठवडे खर्चूनही टाकले.

मग ई. नाणं खोवलं, आणि आख्खी टाळू वर. तिने जागा बदलून पाहिली. दुसरा टायर पाहिला. केसन् केस मोजावा इतकं डोकं बाहेर.

"दे इकडे," म्हणत आर्वोने स्वतः नाणं खोवलं. "असं कसं झालं? पुढचे दोन गाडी ओढतात, वळवतात, ब्रेकचा मारही तेच खातात. मागचे नुसते पाहुण्यासारखे येतात. म्हणून तर दर हिवाळ्याला फिरवायचे. पुढचे मागे, मागचे पुढे. तू फिरवलेस ना?"

"तुमच्या खुणेप्रमाणेच लावले की! गेल्या वर्षी तर लूमी पोटात होती तरी लावले. ई पुढे, टी मागे."

आर्वोने कप जमिनीवर ठेवला. "अगं पोरी, ई म्हणजे पुढे *होता*. म्हणून आता मागे."

"आणि हे मला कसं कळायचं?"

"सगळ्यांना कळतं."

"सगळे म्हणजे कोण?"

"मी," आर्वो म्हणाला. "वसंतात काढताना तरी खुणा बदलल्यास?"

"पुसट झाल्या होत्या. मी गिरवल्या. चांगल्या ठसठशीत." तिला हसावं की रडावं कळेना. "कुठे लिहून तरी ठेवायचं होतंत, पापा!"

"लिहिलंच की. ई."

एमेट नेहमी म्हणायचा, या फिरवाफिरवीने काय मिळतं, फुकटचा घाम. आता हिशेब समोर उभा होता. दोन वर्षं टायर नीट फिरवले असते तर चारही सारखे झिजले असते, आणि हा हिवाळा निघाला असता. एका अक्षराच्या चुकीला पंधरा दिवसांची लूमी.

लूमी कुरकुरली. ब्रिटा तिला उचलून स्वयंपाकघरात गेली, खुर्चीत बसली आणि सवयीने मनगटाकडे पाहिलं. केसांचा रबर उजव्या हाताला होता. म्हणजे मघाशी उजवीकडे पाजलं, आता डावीकडे. तिने लूमीला डावीकडे घेतलं, आणि एकदम तिला हसू फुटलं.

"पापा!" तिने तिथूनच हाक मारली. "माझ्या मनगटावरही ई आहे! कुठल्या बाजूला पाजलं त्याची खूण. आता कुठे पाजायचं त्याची नव्हे!"

गॅरेजमधून आवाज आला, "तो रबर दुसऱ्या कुणी वाचला असता तर?"

"पोर दोन हिवाळे एकाच बाजूला प्यायली असती!"

आर्वो खोकल्यासारखं हसला.

ती परत आली तेव्हा त्याने ठरवून टाकलं होतं. "दुकानदार चार घे म्हणेल. म्हणू दे. टी चांगले आहेत, दोनच नवे घे, त्याच जातीचे. नवे मागे, टी पुढे."

"नवे मागे?"

"मागचे घसरले की गाडी गिरकी घेते. पुढचे घसरले तर कुठे आदळतोय ते निदान दिसतं." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "पैसे मी देतो. खूण माझी होती."

"वाचणारी मी होते," ब्रिटा म्हणाली. आर्वोने पुन्हा विचारलं नाही. त्याच्याकडे दुसऱ्यांदा विचारायची रीत नव्हती. फक्त उरलेल्या पावाचा मोठा तुकडा त्याने तिच्यापुढे धरला.

दोन टायरचे साडेतीनशे. डब्यात साडेतीनशे उरतात. लूमीला खांद्यावर टाकून तिने लायब्ररीत फोन लावला. "या सोमवारी नाही. पुढच्या." एक आठवडा. सात सकाळी. तिने त्या बोटांवर मोजल्या, आणि त्या कमी वाटल्या नाहीत.

मग रबर डाव्या मनगटावर चढवला आणि खडू उचलला.

"'होता' याला तुमच्यात काय म्हणतात?"

"ओली."

तिचा तिसरा शब्द. पुढे लागणाऱ्या दोन्ही टायरांवरचं टी तिने पुसलं, आणि वसंतात काढताना लिहायचं ते आत्ताच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: ई ओली.