खटक्याचा पाना

"घ्या काका, हातात धरून तर बघा. पिसासारखा हलका आहे. बोल्टवर एकदा बसवला की काढून परत घालायला नको, मागे येताना नुसता कर्र करत सरकतो," दुकानदाराने पाना काउंटरवरून पुढे सरकवला.

बाबांनी तो तळहातावर तोलला, कडीत करंगळी घालून चाचपली, मग कानाशी नेऊन फिरवला. कर्र कर्र, कर्र कर्र. झोपलेल्या तान्हीला खांद्यावर घेऊन शेजारी उभ्या असलेल्या लेकीला हसू आलं. बाबा कलिंगडसुद्धा असंच कानाने पारखून घेत.

ही खरेदी तिच्याच हट्टाची होती. बाबा इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत मिस्त्री होते. चादरी धुणारी अवाढव्य यंत्रं, त्यांच्या मोटरी, पट्टे, झडपा हे सगळं त्यांच्या हाताखालचं, तेही तिच्या जन्माच्या आधीपासून. त्यातलं थोरलं यंत्र आता बंद पडलं होतं. मोटर सुटी करून पट्टा बदलायचा होता, आणि मोटरचे बोल्ट होते यंत्राच्या मागच्या सांदीत, जिथे धड हात जात नाही. साधा पाना तिथे बोटभर फिरतो. मग काढा, परत घाला, परत बोटभर. या असल्या फिरवण्यापायीच त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. परवा नातीला उचलताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं आणि त्यांनी तिला घाईघाईने पलंगावर ठेवलं, ते लेकीने दारातून पाहिलं होतं. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. आई झाल्यापासून तर जरा जास्तच.

त्यात मॅनेजरबाईंनी सांगून टाकलं होतं: या आठवड्यात यंत्र चालू झालं नाही, तर देखभाल बाहेरच्या कंपनीकडे जाईल. मिस्त्रींना काही काढून टाकणार नाही, त्यांना चादरी मोजायच्या टेबलावर बसवू. बाबांनी हे घरी सांगितलं ते जेवता जेवता, भलतीकडे बघत.

"आणि तो?" बाबांनी काचेच्या कपाटातल्या दुसऱ्या पान्याकडे बोट दाखवलं.

"तो खटक्याचा. हा इथला खटका सरकवला की जागच्या जागी उलटा फिरायला लागतो. तुमच्या हातातला बिनखटक्याचा. उलटा फिरवायचा तर बोल्टवरून काढायचा, पालथा करायचा, परत बसवायचा. काम तेच."

बाबांनी खटक्याचा पाना मागून घेतला. तो त्यांच्या हातात जरा जास्त वेळ राहिला.

"बाबा, याचं डोकं केवढं जाड आहे बघा!" लेक म्हणाली. "त्या सांदीत हे जायचं कसं? आणि वजन? मी सगळं वाचलंय. अडचणीच्या जागी पातळ डोक्याचाच घ्यायचा. खटका म्हणजे बिघडायला आणखी एक कारण."

वाचलं होतंच तिने. बाळाला पाजताना एका हाताने फोनवर दुसरं करायचं तरी काय?

"वाचलंस ते खरंच आहे गं. पण..."

"पण काय?"

"काका, भाग्यवान आहात," दुकानदार मध्येच म्हणाला. "बापाच्या खांद्यासाठी पाने वाचत बसणारी लेक आहे. आमची कन्यारत्नं साधं पाणी देत नाहीत बापाला."

बाबा हसले. ते 'पण' त्या हसण्यात कुठे विरघळलं, कोणाच्या लक्षात आलं नाही.

"बांधा हाच," ते म्हणाले. "आमच्या घरात हल्ली हिचंच राज्य आहे."

दोन दिवसांनी तान्हीला लस टोचून घ्यायला ती इस्पितळात आली. टोचून झाल्यावर सरळ घरी जायचं होतं. पण खाली बाबा त्या सांदीत शिरले असतील, या विचाराने तिला राहवेना. ती जिना उतरून तळघरात गेली.

ओल्या कापडाचा आणि वाफेचा वास भरून राहिला होता. इस्त्रीच्या टेबलामागून तिथल्या कामवाल्या मावशींनी हाक दिली, "अहो मिस्त्री, बाहेर या, बाईसाहेब तपासणीला आल्यात! आणि सोबत त्यांच्या आईसुद्धा आहेत!"

यंत्रामागून फक्त दोन पाय दिसत होते. आवाज आला, "बाईसाहेबांना म्हणावं, टोचताना रडलात का?"

"आख्खं इस्पितळ गोळा केलं," लेक म्हणाली.

"शाब्बास. आजोबांवर गेली."

ती वाकून बघू लागली. बाबा कुशीवर आडवे होते, विजेरी गळ्यात लटकवलेली. यंत्र आणि वाफेचा जाडजूड नळ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांचा हात कोपरापर्यंत शिरला होता. सगळे बोल्ट निघाले होते, एकच उरला होता, आणि त्याचं डोकं नेमकं त्या नळाकडे तोंड करून. कालपासून तेल सोडूनही तो हलायला तयार नव्हता. बाबांनी जुना, साधा पाना लावला.

"तो का? नवीन वापरा ना!"

"ठमे, अडून बसलेला बोल्ट असल्या कर्र कर्र करणाऱ्या रॅचेटच्या पान्याने नाही हलवायचा. आतले दात तुटतात त्याचे. आधी या दांडगोबाने ताठा मोडायचा. एकदा नरमला, की मग तुझा लाडोबा."

त्यांनी दात आवळले, मानेची शीर टरारली. कट्ट! बोल्ट सुटला. मावशींनी इस्त्री उचलून धरत म्हटलं, "सुटला बाई एकदाचा, माझ्या जावयापेक्षा हट्टी!"

मग नवा पाना बसला. कर्र कर्र, कर्र कर्र. हात बोटभरच मागेपुढे होत होता, पण पाना काढावा लागत नव्हता, खांदा उचलावा लागत नव्हता. लेक बघत राहिली. आपण काहीतरी बरं केलं, असं तिला किती तरी दिवसांनी वाटलं. बाळाचं दूध पुरतं की नाही, ताप येईल की काय, अशा शंभर गोष्टींत ही एक तरी धड झाली होती.

पाना थांबला. बाबांनी फटीत बोट घालून काहीतरी चाचपलं. "हं," ते स्वतःशीच म्हणाले, "आता बस. पुढचं बोटांनी."

तिला वाटलं, ते दमले.

"बाबा, खांदा दुखतोय का? खरं सांगा."

"छे गं!" त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. घामाने चेहरा निथळत होता, पण तो हसत होता. "दुखतोय कसला? हे बघ. लोण्यासारखं चाललंय." तिच्याकडे बघतच त्यांनी पुन्हा पाना ओढला. कर्र कर्र. कर्र कर्र. तिच्यासाठी. "कळतंय का, काय वस्तू दिलीस म्हातार..."

पाना जागीच आवळला.

त्यांचं हसू मावळायला वेळ लागला. ते फटीकडे वळले. पाना हलवून बघितला, ओढून बघितला.

"काय झालं?"

"अडकला."

"मग उलटा फिरवा ना."

"उलटा फिरवायला आधी काढायला लागतो, बाळा."

विजेरीच्या उजेडात तिलाही दिसलं. बाहेर येता येता बोल्टचं डोकं, आणि त्यावर बसलेली पान्याची कडी, त्या नळाला जाऊन टेकली होती. पुढे फिरायला जागा नाही. निघायला जागा नाही. आणि मागे फिरणं त्या पान्याला काढल्याशिवाय येतच नव्हतं. तिथे एक खटका असता तर नखाने सरकवायचा होता, एवढंच.

बाबांनी पकडीने बोल्टचा दांडा धरून पाहिला, पक्कड घसरली. नळ गरम, त्याला हात लावायची सोय नाही. मग त्यांनी करवतीचं नुसतं पातं चिंधीत धरलं आणि बोल्ट कापायला घेतला. एवढुशा जागेत पातं केसभर सरकायचं आणि परत यायचं. तीन-चार घासांनंतर हात आपोआप खाली पडायचा. डाव्या हाताने ते तो पुन्हा उचलून जागेवर ठेवायचे.

"तुम्हाला दुकानातच कळलं होतं ना?" तिने हळूच विचारलं.

पातं थांबलं नाही.

"बाबा."

"म्हटलं, सांभाळून वापरीन. सांभाळूनच वापरत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या हौसेनं घेत होतीस," ते म्हणाले. "त्या दुकानदारासमोर कुठे..." आणि पुढे पात्याचाच आवाज.

मॅनेजरबाई आल्या तेव्हा ते अजून कापतच होते. बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी वाकून फटीत पाहिलं. "मिस्त्री, वरती चादरी संपत आल्यात हो," त्या म्हणाल्या. "किती वेळ थांबू?"

"मॅडम, पाना मी..." लेकीने तोंड उघडलं.

"माझा हात चुकला, बाई," बाबा यंत्रामागूनच म्हणाले, तिच्यापेक्षा मोठ्याने. "बोलवा त्यांना." मग आवाज उतरवून, "ठमे, तू घरी जा. इथल्या उकाड्यात तिचं अंग तापलेलं कळणारसुद्धा नाही."

तिने तान्हीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तरी ती निघाली.

कंपनीच्या माणसांनी बोल्ट कापून यंत्र चालू केलं. बाबा चादरी मोजू लागले. मोजण्यात ते कधी चुकत नसत, असं मावशी सांगत. डबा मात्र आता ते यंत्रांजवळ बसून खात नसत, जिन्यात बसून खात. लेक मनातल्या मनात कितीदा तरी त्या सांदीशी जाऊन उभी राही. तिथे ती गप्प बसे, हाकच मारत नसे, आणि बाबा बोटांनी बोल्ट काढून बाहेर येत.

एका सुट्टीच्या दिवशी ते तिच्या घरी आले असताना ओट्याखालचा नळ गळायला लागला. जावई सवयीने म्हणाला, "बाबा, जरा बघता का?"

बाबा उठले. ओट्याखाली वाकून त्यांनी गळका सांधा बघितला, त्याला बोट लावलं, बोट पंचाला पुसलं.

"प्लंबरला बोलवा," ते म्हणाले. "त्याला लवकर जमेल."

प्लंबर आला. चुणचुणीत, घाईतला माणूस. तो ओट्याखाली आडवा झाला आणि आतून म्हणाला, "कोणी उजेड धरता का?"

कोणी काही म्हणायच्या आत बाबा पुढे झाले. त्यांनी गुडघे टेकले, विजेरी उजव्या हातात घेतली आणि कोपराला डाव्या हाताचा आधार दिला. लेक तान्हीला घेऊन दारात उभी होती. तिला कोपर थरथरताना दिसत होतं. उजेड मात्र हलत नव्हता.

"जरा अलीकडे, काका," प्लंबर म्हणाला.

बाबांनी उजेड अलीकडे घेतला.

"हां, बरोबर. तिथेच धरा."