उस्ताद फतहल्लांचा गंधार

आज अख्खी संगीतसंस्था आपल्याला डोक्यावर घेणार, याची लुजैनला खात्रीच होती. उस्ताद फतहल्लांना जाऊन चाळीस दिवस झालेले, अलेप्पोतले झाडून सगळे गाणारे-वाजवणारे जमलेले, आणि उस्तादांचं कानून, मांडीवर घेऊन वाजवायचं ते सत्तरेक तारांचं वाद्य, सोळा वर्षांच्या लुजैनच्या हातात. तेही तिने स्वतः दुरुस्त केलेलं.

तारांखाली छोटे पितळी खटके असतात. खटका उचलला की सूर चढतो. त्यातले नऊ तिला वाकडे चिकटवलेले दिसले. फोनमधल्या सूर मोजणाऱ्या यंत्राचा काटा तिथे मधोमध थांबेचना. उस्तादांची नजर अधू झाली असणार, असं म्हणत तिने ते कोमट पाण्याने सोडवले आणि काट्याबरहुकूम लावले. एका रेषेत, कसे छान!

पहिली सुरावट संपली. एरवी इथे लगेच दादेचं “अल्लाह” उमटतं. आज कोणी हूं की चूं केलं नाही. दरवान अबू जुमा शेजाऱ्याला म्हणाला, “या कैरोच्या बाईंना कोणी बोलावलं?”

लुजैनच्या एकदम ध्यानात आलं. सिका! कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला तो सूर. अलेप्पोत तो कैरोपेक्षा जरा चढा लागतो, उस्तादांचा तर आणखी केसभर. ते खटके वाकडे नव्हतेच मुळी, त्यांनी कानाने लावले होते. त्यांच्या वादनाच्या टेपा लढाईत संस्थेच्या कपाटासकट जळाल्या. सूर उरला होता तो या नऊ खटक्यांत.

सगळे पांगल्यावर तिने उस्तादांच्या बायकोला, उम्म इल्यासना, रडत रडत सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, लाव, मी ऐकते.

लुजैनने एक खटका सोडवला, ताजा डिंक लावला, बोटाने सरकवत तार छेडत राहिली. उम्म इल्यास डोळे मिटून सांगत होत्या. वर. अजून वर. थोडा खाली. नाही गं, मघाचाच बरा.

“मघाचा कुठला, मावशी?”

त्यांनी डोळे उघडले.

“पोरी, सकाळपर्यंत होता गं कानात. आता मला सगळेच सूर त्यांचे वाटायला लागलेत.”

लुजैनने बोट हलवलं नाही. खटका होता तिथेच डिंक सुकत गेला.