फोन बंद ठेवा

दुपारी तीन वाजता कल्याणच्या खाडीकाठच्या शाळेत लहरीबाबांच्या पायाशी ठेवलेला मोबाइल वाजला. दुसऱ्या मजल्यावर आसरा घेतलेल्या पूरग्रस्तांनी हात जोडले.

"सगळे टॉवर बुडाले, माझा वरचा टॉवर बुडत नाही!" बाबा गरजले. "त्याला ना वीज लागते, ना रिचार्ज!"

कालपासून बाबा मधूनमधून गच्चीवर जात, खाली येऊन 'लहर आली' म्हणत आणि खरोखरच नेटवर्क येई. अट एकच. एका वेळी एकच फोन चालू, तोही त्यांच्या पायाशी. बाकीचे बंद. "दहा चालू ठेवलेत तर शक्ती फाटते."

लक्ष्मीची पाळी अजून आली नव्हती. तिचा मुलगा दिपेश काल म्हशी सोडायला गोठ्यावर गेलेला, तो परतलाच नाही.

"बाबा, माझा पोऱ्या..."

"श्रद्धा कमी पडतेय. फोन बंद आहे ना?"

"कालपासून बंदच आहे हो."

चारच्या सुमारास बाबा खिचडीला बसले. लहर आल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. तरी वासंतीबाईंच्या पर्समधला फोन वाजला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या बाई आपली पाळी झाल्यावर तो बंद करायला विसरल्या होत्या.

"बघा, जेवतानाही कृपा!" बाबा म्हणाले.

"तुमचं लक्ष तर पापडात होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मेसेज मोठ्याने वाचला. 'ड्रोनवरून तात्पुरते नेटवर्क दिले आहे. बॅटरी बदलताना खंड पडेल. सर्वांनी फोन चालू ठेवावेत.'

सगळे गच्चीवर धावले. पुलापलीकडे, ढगांच्या खाली ड्रोन स्थिर उभा होता.

"हा यांचा वरचा टॉवर," बाई म्हणाल्या. "तो वर चढलेला इथून दिसला, की खाली जाऊन लहर सांगायची."

"मग एकच फोन कशाला?" कुणीतरी विचारलं.

"सगळ्यांचे लागले असते, तर यांच्या पायाशी कोण बसलं असतं?"

लक्ष्मीने फोन चालू केला. सकाळचा मेसेज होता. 'आई, गोठ्याच्या पत्र्यावर आहे. बॅटरी संपतेय. बोटवाल्यांना तुझा नंबर दिलाय, वाट सांग.' त्याखाली बोटवाल्यांचे कॉल येऊन गेल्याच्या सूचना. शेवटी त्यांचा मेसेज : 'गोठा सापडला नाही. तुमचा फोन बंद. परत फिरतोय.'

"वडाच्या मागं, दादा, निळा पत्रा," ती बोटवाल्यांना फोन लावून पुन्हापुन्हा सांगत राहिली.

पुरात देवाचं नाव घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. पण फोन बंद करा म्हणणाऱ्याला आधी कारण विचारा, आणि ते पटेपर्यंत फोन चालू ठेवा.

बोट साडेसहाला पुन्हा निघाली. ती अजून परतलेली नाही. दिपेशचा फोन बंद आहे. लक्ष्मीचा चालू आहे.