जड म्हणजे नेमकं काय?

मी बोलतोय, वॉर्डातल्या खिडकीजवळच्या कॉटखालचं स्टूल. चार लोखंडी पाय आणि वर गोल पत्रा, एवढाच माझा देह. वेल्डिंगच्या ठिणग्यांत जन्मलो, तेव्हा वाटलं होतं, आपल्यावर माणसं बसतील. कसलं काय! कुणी डबा ठेवायचा, कुणी पिशवी, तर कुणी माझ्यावर चढून पंखा पुसायचा.

बसायला इथे वेळ होता कुणाला? डॉक्टर मनाने चांगले, पण वाऱ्यासारखे यायचे. उभ्याउभ्या सगळं सांगून विचारायचे, “समजलं ना?” रोगी म्हणायचा, “हो, हो.” त्या ‘हो’मध्ये अर्धी भीतीच असायची.

मग मोठ्या सिस्टर बदली होऊन आल्या. घरी निघालेल्या प्रत्येक रोग्यापाशी त्या मला ओढून बसायच्या, आणि माणसं आपसूक मोकळी व्हायची.

ड्रायव्हरकाकांचंच घ्या. जन्मभर बस चालवलेला हा माणूस हर्नियाच्या ऑपरेशननंतर घरी निघाला होता. डॉक्टर म्हणाले, “जड काही उचलायचं नाही.” काका म्हणाले, “एकदम समजलं, साहेब!” न्यायला आलेल्या मेहुणीने पिशवीही भरली.

तेवढ्यात सिस्टर बसल्या. “काका, घरी काय काय करायचं, ते तुमच्या भाषेत सांगा बरं. परीक्षा तुमची नाही, आमची आहे. आम्ही नीट सांगितलं का, ते बघू दे.”

काकांनी धडाधड सांगितलं. गोळ्या वेळेवर, जखम कोरडी, आणि सिलिंडर, बादली, गोणी यांना हात लावायचा नाही. दुसरं कुणी असतं तर ‘शाब्बास’ म्हणून उठलं असतं. सिस्टर उठल्या नाहीत.

“आणि घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काम?”

“हिला उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसवणार. तिच्या पायांत बळ नाही ना! रोज मीच उचलतो.”

“अहो काका, जड उचलायचं नाही ना?”

काका बुचकळ्यात पडले. “ती कुठे जड आहे? बायको आहे माझी!”

मेहुणी खुदकन हसली, पण लगेच तिच्या लक्षात आलं. “भावोजी आले की झालं, म्हणून मी उद्या परत निघणार होते हो,” ती पुटपुटली.

सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. सगळं ऐकून ते पहिल्यांदाच माझ्यावर बसले. “चुकलंच माझं, काका. तुमच्या घरात जड काय आहे, ते मी विचारलंच नाही. पण आतले टाके सुटले, तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल.”

“मग तिने पडूनच राहायचं?” काकांनी विचारलं.

“मुळीच नाही,” सिस्टर म्हणाल्या.

काकांचं जाणं एक दिवस लांबलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. गुळगुळीत फळीवरून माणसाला कॉटवरून खुर्चीत कसं सरकवायचं, ते त्यांनी मेहुणीला शिकवलं. सरावासाठी बायकोच्या जागी खुद्द काका! “हळू गं, वळण आहे!” ते ओरडले आणि अख्खा वॉर्ड हसला. मेहुणीने घरी कळवलं, ‘ताईकडे राहतेय, वाट बघू नका.’

आता माझा रंग उडालाय, एक पाय लंगडतोय. पण डॉक्टर मला स्वतः ओढून घेतात, यात सगळं आलं. तुम्हीही कुणाला बघायला गेलात, तर जरा टेका. उभ्या माणसाला कुणी मनातलं सांगत नाही.

परवा काका तपासणीला आले, ते काकूंना चाकाच्या खुर्चीतून घेऊनच. मेहुणी खुर्ची ढकलत होती. डॉक्टर माझ्यावर बसले. काकांनी अधीर होऊन विचारलं, “आता उचलू ना हिला?”

“जखम छान भरलीय. पण उचलायला अजून थोडं थांबा.”

काकांचा चेहरा पडला. तशा काकू म्हणाल्या, “एवढं काय त्यात? जन्मभर बसूनच नोकरी केलीत, पण माझ्याजवळ कधी निवांत बसलात?”

डॉक्टर हसत उठले, मला काकूंच्या खुर्चीला लावलं, आणि काका बसले.